आमचं घराणंच गिड्डं

गावाकडे गेले की मी अंगणवाडीत एक चक्कर मारतेच. तिथली सेविका माझ्याच वर्गातली, आम्ही एका बाकावर बसून शिकलो. या वेळी गेले तेव्हा वजन-उंचीचा दिवस होता. मागच्या बाजूला मदतनीस मावशींची खिचडी रटरटत होती आणि मोहरी-हळदीचा वास सगळ्या खोलीत भरला होता. भिंतीवर रंगवलेल्या फळांच्या रांगेत केळ्याचा पिवळा रंग मुलांच्या हाताच्या उंचीपर्यंत खरवडला गेला होता. आया कडेवर पोरं घेऊन दारात उभ्या, कुणी रडतंय, कुणी काट्यावर बसायला तयार नाही. तेवढ्यात एक तीन वर्षांची मुलगी पुढे आली. गाल भरलेले, दोन शेंड्यांना लाल रिबिनी, पायांत मोठ्या बहिणीच्या चपला. काट्यावर ती शहाण्यासारखी उभी राहिली. अकरा किलो. मैत्रीण म्हणाली, "हिरव्यात आहे," म्हणजे वजन तक्त्यावर ठीक आहे. मग उंचीच्या पट्टीपाशी तिला उभं केलं. चपला काढल्या, टाचा मागे टेकवल्या, गुडघ्यांवर हलका हात ठेवला, हनुवटी सरळ केली आणि वरची फळी डोक्यापर्यंत सरकवली. मुलगी मात्र हळूच टाचा उचलत होती. मैत्रिणीने पुन्हा टाचा टेकवल्या, पुन्हा फळी खाली आणली. चौऱ्याऐंशी सेंटीमीटर.

"वहिनी, उंची कमी भरतीय हिची. या वयाला सत्त्याऐंशीच्या वर तरी पाहिजे होती."

आई हसली. "उंचीचं काय घेऊन बसलात ताई, आमचं घराणंच गिड्डं हाय. हिचा बाप तरी कुठं ताडमाड हाय? पण डोकं बघा हिचं, सगळा मोबाइल चालवतीय." सगळ्याच हसल्या. मुलीने चपला घातल्या, खिचडीची वाटी घेतली आणि कोपऱ्यात जाऊन बसली. मैत्रिणीने आकडा मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर टाकला आणि पुढच्या पोराला हाक मारली.

ते वाक्य माझ्या मागेच लागलं.

त्या बाईच्या बोलण्यात काळजीचा लवलेश नव्हता, आणि तो नसण्यात तिचा काही दोषही नव्हता. लुकडं पोर नजरेत भरतं. बरगड्या मोजता येतात, दंडाभोवतीची पट्टी लाल रंगावर जाते, शेजारपाजारच्या बायकाच आईला टोकतात. खुजं पोर मात्र कुणाच्याच डोळ्यांत येत नाही. चौऱ्याऐंशी सेंटीमीटर उंचीला अकरा किलो वजन अगदी शोभून दिसतं. पोर गुटगुटीत दिसतं, हसतं, खेळतं. फक्त ते दोन वर्षांच्या मुलीएवढं असतं आणि वयाने तीन वर्षांचं असतं. शिवाय आजूबाजूची सगळीच पोरं तेवढीच. आमच्या गल्लीत एका वयाची पाच-सहा मुलं खेळत असतात, त्यांची डोकी एका ओळीत दिसतात, मग कमी कोण आणि जास्त कोण? सुट्टीत पुण्याहून माझा भाचा आला की तोच त्या ओळीतून वर येतो. मग लोक म्हणतात, शहरातलं पाणी, शहरातलं दूध. कुणी म्हणतं, त्याचं आजोळ उंच आहे. त्याला लागेल तसं मिळालं असेल आणि आपल्या पोरांना मिळालं नसेल, हे मात्र कुणी म्हणत नाही. ते ऐकायला जड जातं, मलाही जातं.

उंची घराण्यातून येते हे खोटं नाही. एकाच घरातल्या दोन भावंडांतही एक उंच आणि एक ठेंगणं निघतं. प्रश्न अख्ख्या गावाचा आणि अख्ख्या जिल्ह्याचा आहे. १९९७ ते २००३ या काळात जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार मुलांची मापं घेतली. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतल्या खात्यापित्या घरांतली होती. अट एवढीच, की बाळाला आईचं दूध मिळावं, आई धूम्रपान करणारी नसावी आणि वाढीच्या आड येईल इतकी गरिबी घरात नसावी. पोटाला नीट मिळालं, आजारात उपचार मिळाले, तर ही सगळी मुलं जवळजवळ एकाच चालीने वाढताना दिसली. त्यांच्या उंचीत जो फरक होता, त्यातला जेमतेम ३ टक्के फरक देशादेशांमधला होता, तर सुमारे ७० टक्के माणसामाणसांतला. ओस्लोतलं बाळ आणि दिल्लीतलं बाळ पाच वर्षांपर्यंत खांद्याला खांदा लावून वाढतात. त्यावरूनच २००६ मध्ये वाढीचे नवे तक्ते निघाले आणि माझ्या मैत्रिणीच्या मोबाइलमधलं ते सत्त्याऐंशी तिथूनच आलं आहे. तीन वर्षांच्या मुलीची मधली उंची ९५ सेंटीमीटर. म्हणजे आमच्या गल्लीतली डोक्यांची ती सरळ ओळ मुळातच अर्धी वीत खाली आहे.

मला आमची धाकटी आत्या आठवली. आमच्या घरात उंचीवरून सगळ्यात जास्त बोललं गेलं ते तिच्याबद्दल. माझे वडील, काका आणि थोरली आत्या तिघंही बऱ्यापैकी उंच. धाकटी आत्या थोरलीच्या खांद्याला लागते. "ती आजीवर गेली," हे तिच्याबद्दलचं ठरलेलं वाक्य. आजी मात्र काही इतकी ठेंगणी नव्हती. लग्नाच्या वेळी दोन ठिकाणांहून नकार आला तो उंचीवरूनच. तिसऱ्या ठिकाणी फोटो काढताना तिला पाटावर उभं केलं होतं, आणि तो फोटो अजून दिवाणखान्यात आहे, पाट नऊवारीच्या काठाखाली झाकलेला. आत्याचा जन्म १९७३ च्या उन्हाळ्यातला. बीड जिल्ह्यातल्या माणसाला या सालाबद्दल वेगळं काही सांगायला लागत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची. पोटात आत्या होती. आजी ते दिवस सांगायची तेव्हा तक्रारीचा सूर कधीच नसायचा, उलट सरकारने काम काढलं म्हणून आपण जगलो, असंच म्हणायची. उन्हात बसून एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात रिंग, रिंगेत दगड धरायचा आणि फोडायचा. घासभर सुकडी मिळाली तर तीही थोरल्या मुलांसाठी पदरात बांधून आणायची. लाल मिलो ज्वारीची भाकरी थापताना फुटायची आणि खाल्ली तर घशात अडकायची. "पोटातल्या पोराला काय लागतंय, ते आपलं घेतं," असं ती म्हणायची, आणि मला लहानपणी ते फार छान वाटायचं. पोटातलं बाळ आपलं आपण घेतं, हे अर्धं खरं आहे. घेण्यासारखं जे असेल त्यातूनच त्याला घ्यायचं असतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. इथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. फरक नुसत्या किलोंचा नव्हता. आमच्या बाळांची पोटं आणि दंड सगळ्यात जास्त बारीक होते, त्या मानाने डोकं आणि लांबी बरी होती, आणि कातडीखालची चरबी तर सगळ्यात जास्त राखलेली होती. पोटात जागा थोडी, रसद थोडी, तेव्हा बाळाचं शरीर आधी डोकं वाचवायला बघतं आणि त्याची किंमत स्नायू आणि पोटातले अवयव मोजतात. या अभ्यासातल्या दोन गोष्टी वाचताना मला आजी डोळ्यांसमोर दिसली. ज्या बायका गरोदरपणात पालेभाज्या, फळं जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं मोठी होती. आणि ज्या बायकांना शेतातलं-घरातलं कष्टाचं काम जास्त होतं, त्यांची बाळं लहान होती. गरोदर बाईच्या डोक्यावरची घागर थेट बाळाच्या वजनात उतरते, हे कागदावर आकड्यांत मांडलेलं बघून मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

मग त्या अंगणवाडीतल्या आईचं वाक्य मला थोडं वेगळं ऐकू यायला लागलं. घराणं गिड्डं आहे ते खरंच असेल. ते रक्तातून आलं की भाकरीतून, एवढाच प्रश्न आहे. मुलगी आईच्या पोटात असते तेव्हाच तिच्या अंडाशयात तिची सगळी बीजांडं तयार होतात. म्हणजे आजी खडी फोडत होती तेव्हा तिच्या पोटात आत्या होती, आणि आत्याच्या पोटात तिच्या मुलीचं बीज होतं. एका बैठकीत तीन पिढ्या दगड फोडत होत्या. खुज्या मुलीचं मोठेपणी शरीर लहान राहतं, तिच्या बाळाला पोटात जागा कमी मिळते, ते बाळ कमी वजनाचं जन्मतं. वारसा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत बहात्तरचा दुष्काळ असा मिसळलेला असतो की तो वेगळा काढून दाखवता येत नाही. त्या आईला कुणी तुच्छतेने "अडाणी" म्हणालं असतं तर मला राग आला असता. तिने तिच्या घरातलं जे पिढ्यान्‌पिढ्या बघितलं तेच सांगितलं.

पण तिच्या वाक्याचा दुसरा भाग जास्त टोचतो. "पण डोकं बघा हिचं."

अंग वेगळं आणि डोकं वेगळं, एक कमी पडलं तर दुसरं भरून काढेल, असं आपण सगळेच धरून चालतो. शहरातल्या माझ्या ओळखीतले आईबाप मुलांना वर्षाच्या आत चित्रांची कार्डं दाखवतात, 'मेंदूचा विकास' असं लिहिलेली महागडी खेळणी आणतात. गावातली आई मोबाइल चालवणारं पोर बघून निर्धास्त होते. दोघींच्याही मनात मेंदू म्हणजे अंगापासून सुटलेली काहीतरी हुशारी असते. प्रत्यक्षात मेंदू हा शरीराचा सगळ्यात खादाड अवयव आहे. जन्मतः तो साधारण साडेतीनशे ते चारशे ग्रॅमचा असतो, वर्षाच्या आत दुप्पट होतो, दोन वर्षांत मोठ्या माणसाच्या मेंदूच्या पाऊण आकाराला पोहोचतो. मोठ्या माणसाचा मेंदू बसल्या जागी खर्च होणाऱ्या शक्तीतला पाचवा हिस्सा घेतो. चार-पाच वर्षांच्या मुलाचा मेंदू त्याच हिशेबाने जवळजवळ दोन-तृतीयांश घेतो. ख्रिस्तोफर कुझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हे मांडलं, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट दाखवली. मेंदूची भूक ज्या वयात सगळ्यात जास्त असते, त्याच वयात अंगाची वाढ सगळ्यात मंद असते. शरीराची मिळकत एकच असते आणि ती आधी वर पाठवली जाते.

बाळाची टाळू ज्यांनी बोटाखाली अनुभवली आहे, त्यांना हे आकडे फार परके वाटणार नाहीत. माझ्या धाकट्या भावाला आजी न्हाऊ घालायची तेव्हा मी शेजारी तांब्या धरून बसायचे. पाय लांब करून, पायांच्या पन्हळीत त्याला पालथा घालून, पाठीला कोमट तेल जिरवायची. मग उताणा करून टाळूवर तेलाचं बोट टेकवायची. एकदा तिने माझं बोट धरून तिथे ठेवलं. मऊ, कोमट, आणि आत काहीतरी धडधडत होतं. मी घाबरून हात मागे घेतला. "उघडंच आहे अजून," आजी म्हणाली, "आतलं वाढतंय ना." ती एवढंच म्हणाली आणि अंगारा लावून त्याला धुरी द्यायला उठली. कवटीची हाडं एकमेकांना जोडून पक्की झालेली नसतात ती याचसाठी, आतल्याला वाढायला जागा लागते. पहिल्या वर्षात डोक्याचा घेर साधारण बारा सेंटीमीटरने वाढतो. दुसऱ्या वर्षात जेमतेम दोनने. टाळू दीड वर्षापर्यंत भरून येते. सगळी घाई किती आधी उरकलेली असते!

आणि त्या घाईत आत काय चाललेलं असतं! मेंदूतल्या चेतापेशी बहुतेक सगळ्या जन्माआधीच तयार असतात, पण त्यांच्यातल्या जोडण्या जन्मानंतर अफाट वेगाने होतात, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. मग ज्या वापरल्या जातात त्या टिकतात, बाकीच्या गळतात. याचा एक दाखला मला फार आवडतो, कारण त्यात आपले ट आणि त आहेत. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतला ट आणि त ऐकवला. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसाला हा फरक सहसा कळत नाही. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना तो स्पष्ट कळत होता. दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत बहुतेकांचा तो कान गेला होता, कारण घरात ते आवाज वेगवेगळे कुणी काढतच नव्हतं. अजून एक शब्दही न बोललेलं बाळ कुणाचं बोलणं जपायचं ते ठरवून बसलेलं असतं. माझी एक मावसबहीण परदेशात असते, तिच्या बाळाशी तिची सासू रोज व्हिडिओ कॉलवर गप्पा मारते, आणि घरातले तिला हसतात की त्याला काय कळतंय. मला वाटतं, समोर बसून बोलणं पडद्यापेक्षा निश्चित मोलाचं, पण बाळाला काय कळतंय हे वाक्य मात्र आपण कायमचं सोडून द्यावं.

हे सगळं घडायला कच्चा माल लागतो आणि तो ताटातून येतो. लोह लागतं, आयोडिन लागतं, जस्त लागतं, ब-१२ लागतं, स्निग्ध पदार्थ लागतात. आईच्या पोटातून आणलेला लोहाचा साठा सहा महिन्यांत संपत येतो, नेमका त्याच वेळी मेंदूतल्या तंतूंवर आवरण चढायचं काम जोरात असतं आणि त्याला लोह हवं असतं. आणि नेमकं त्याच वेळी आपण बाळाला वरणाचं पाणी द्यायला सुरुवात करतो. वरणाचं पाणी, भाताची पेज, चहात बुडवलेलं बिस्कीट. पचायला हलकं म्हणून. बाळाचं पोट त्याच्या मुठीएवढं, ते पाण्याने भरलं की बाळ गप्प होतं आणि आईला वाटतं जेवलं. चमचा तिरका केला तरी खाली पडणार नाही इतकं घट्ट हवं, असं माझी मैत्रीण प्रत्येक आईला चमचा तिरका करून दाखवते. वरण खालचं घ्यायचं, वर तूप किंवा तेल सोडायचं, अंडं चालत असेल तर अंडं, नसेल तर शेंगदाण्याचं कूट, पालेभाजी. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आणि पुरेशा प्रकारचा आहार मिळणारी मुलं ११ टक्क्यांच्या आसपास निघाली. बाकीची, असा आहार न मिळणारी मुलं काही फक्त गरिबांच्या घरची नाहीत. पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा हातात धरून बसलेलं दीड वर्षाचं पोर मला आता बंगल्यातही दिसतं आणि पालावरही.

तरी नुसतं ताट भरून भागत नाही, आणि इथे मी जमैकाच्या मुलांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहणार नाही. १९८६-८७ मध्ये किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांमधून सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी १२९ खुजी मुलं निवडली, नऊ ते चोवीस महिन्यांची. काहींना दर आठवड्याला दुधाची भुकटी दिली. काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जायची आणि आईला मुलाशी कसं खेळायचं ते दाखवायची. खेळणी घरच्याच वस्तूंची, रिकाम्या डब्यांची. काहींना दोन्ही मिळालं, काहींना यातलं काहीच नाही. दोन वर्षं हे चाललं. तेव्हा दूध मिळालेली आणि खेळ मिळालेली, दोन्ही मुलं पुढे गेली, आणि दोन्ही मिळालेली सगळ्यात पुढे. नंतर दुधाचा परिणाम ओसरत गेला, खेळाचा टिकला. वीस वर्षांनी तीच मुलं पुन्हा शोधून काढली तेव्हा ज्यांच्या घरी ती सेविका जात होती, त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा २५ टक्के जास्त होती. हे वाचलं आणि मला चिऊचा घास, काऊचा घास आठवला. घास तोंडात जाण्याआधी एक गोष्ट कानात जाते, बाळ आईच्या तोंडाकडे बघतं, आ करतं, आई हसते. त्यात अन्नही आहे आणि खेळही, एकाच वेळी. पण हा घास भरवायला आईजवळ अर्धा तास लागतो, आणि शेतावर जाणाऱ्या आईजवळ तो नसतो. तो अर्धा तास दिला नाही म्हणून तिला बोल लावणारे लेख मी बरेच वाचले आहेत. जमैकात तो तास पगारी सेविकेने उचलला होता, ही गोष्ट त्या लेखांत सहसा सापडत नाही.

आत्याबद्दल मात्र एक सांगायला हवं, नाहीतर मी तिच्यावर अन्याय करेन. आमच्या सगळ्या घरात तिच्याइतकं तल्लख डोकं दुसऱ्या कुणाचं नाही. बचत गटाचा हिशेब ती कागदाशिवाय करते. चौदा बायकांची शिल्लक, व्याज, कुणाचा कोणता हप्ता थकला, सगळं तोंडपाठ. गेल्या भेटीत मी तिला हे खुजेपणाचं, मेंदूचं सगळं सांगत होते आणि सांगता सांगता माझीच जीभ जड झाली. समोर बसलेल्या माणसाला आपण काय म्हणतोय? ती शेंगा फोडत ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे मला पोटभर मिळालं असतं तर मी अजून हुशार झाले असते व्हय?" तिला ते खरंच जाणून घ्यायचं होतं, टोमणा नव्हता. मी म्हटलं, ते एका माणसाबद्दल कुणालाच सांगता येत नाही गं. हजार मुलांबद्दल सांगता येतं. खुजी मुलं शाळेत मागे पडायची शक्यता जास्त, ती लवकर शाळा सोडतात, कमी कमावतात, हे हजारांबद्दल खरं आहे. उंची कमी म्हणून डोकं कमी असा त्याचा अर्थ नाही. ज्या कारणांनी हाड वाढायचं थांबतं, त्याच कारणांनी आत दुसरंही काही थांबलेलं असू शकतं, आणि आतलं मोजायची पट्टी आपल्याकडे नाही. भिंतीवरची उंचीची पट्टी तेवढी आहे. आत्या म्हणाली, "मग मोजा की नीट सगळ्यांना." आणि शेंगांची टरफलं सुपातून पाखडायला अंगणात गेली.

मोजतात, नीट मोजतात. त्याच पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुजी निघाली. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ३४.४ होता. म्हणजे जवळपास तिथेच. मोजून झाल्यावर पुढे काय, हे कोडं अंगणवाडीच्या रचनेतच आहे. रोजचं ताजं गरम जेवण मिळतं ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांना, जी चालत येऊ शकतात. त्यांच्याहून लहान मुलांचा आहार पाकिटातून घरी जातो आणि घरातल्या सगळ्यांत वाटला जातो. ग्वाटेमालातल्या चार खेड्यांच्या एका अभ्यासात १९६९ ते १९७७ पर्यंत दोन खेड्यांतल्या मुलांना पौष्टिक लापशी दिली, तेव्हा उंचीवर तिचा परिणाम दिसला तो तीन वर्षांच्या आत ती मिळालेल्या मुलांत. तीन वर्षांनंतर तो दिसला नाही. आमच्या लाल रिबिनीवालीला रोजची खिचडी मिळायला लागली ती नेमकी तीन वर्षांची झाल्यावर. तिने ती खावी, तिला ती हवीच आहे, तिच्या मेंदूची भूक अजून दोन-तीन वर्षं प्रचंड राहणार आहे. पण तिच्या उंचीचा निकाल लागायचे दिवस मागे गेले, आणि ते गेले तेव्हा ती घरी होती, किंवा घरीही नव्हती.

कारण आमच्या भागात दिवाळी झाली की गाव रिकामं होतं. ऊसतोडीला जाणारं जोडपं म्हणजे एक कोयता, मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रॅक्टर येतो, भांडीकुंडी चढतात आणि गळीत हंगाम संपेपर्यंत माणसं साताऱ्याला, कोल्हापूरला, कर्नाटकात. शाळेत जाणारी भावंडं कधीकधी आजीपाशी राहतात. अंगावर पिणारं पोर मात्र आईबरोबरच जातं, त्याला पर्यायच नाही. म्हणजे ज्याच्या डोक्याचा घेर महिन्या-महिन्याला वाढतो आहे, ज्याला दिवसातून चार-पाच वेळा घट्ट, ताजं, मऊ शिजवलेलं लागतं, तेच उसाच्या फडात असतं. पहाटे तीन-चारला आई उठते, रात्रीची भाकर बांधते, पोराला झोळीत किंवा पाचटावर चादर टाकून ठेवते आणि कोयता धरते. थंडी, धूळ, जुलाब, खोकला. आजारपणात शरीर वाढ थांबवून आजाराशी झगडतं, आणि बरं झाल्यावर भरून काढायला जादा अन्न लागतं, ते तिथे नसतं. मैत्रिणीच्या नोंदवहीत त्या पोराच्या नावापुढे 'स्थलांतरित' असा शेरा पडतो आणि सहा महिने उंचीचा रकाना कोरा राहतो. हंगाम संपून पोरं परत येतात तेव्हा मैत्रीण त्यांना पट्टीपाशी उभं करते आणि कोण किती मागे राहिलं ते तिला फळी सरकवायच्या आतच कळतं.

मुलं शाळेत येत नाहीत म्हणून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत शाळाच मुलांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी ती कुरणात नेली. अंगणवाडी हा शब्द आणि ती कल्पना तिथली, इथल्याच मातीतली. १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजूर बायकांच्या बाळांसाठी बांधकामाच्या जागीच पाळणाघर उभं केलं, आणि ते काम आजही चालू आहे. साखर कारखान्याला गाळपाच्या आधी कोणत्या फडात किती कोयते जाणार हे तारखेनिशी माहीत असतं. तोडणीवाल्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, कुठे पडणार, टँकर कुठे लागणार, हेही ठरलेलं असतं. त्याच यादीवरून दर पंधरा-वीस कोयत्यांमागे एक पाळणाघर, एक सेविका, एक चूल आणि एक उंचीची पट्टी फडाच्या कडेला उभी करता येते. उसाच्या टनामागे कितीतरी कपाती होतात, त्यात याचे पैसे बसणार नाहीत असं मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. मैत्रिणीने तालुक्याच्या बैठकीत हे बोलून दाखवलं. या हंगामात निदान आपल्या गावातून कोणती मुलं कोणत्या कारखान्यावर जाणार, त्यांची नावं, वयं आणि शेवटची उंची तिने वहीत वेगळी काढली आहे, आणि त्या त्या गावच्या सेविकेचा फोन नंबर मिळवायचं काम आम्ही दोघींनी वाटून घेतलं आहे.